नव्या रिव्हॉल्वरची पूजा

माझ्या नावावरचं रिव्हॉल्वर घरी आलं त्या दिवशी मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात खरा आनंद एकट्या आत्याबाईंना झाला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. रिव्हॉल्वर कसं उडतं, किती लांब मारतं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. नवी वस्तू घरात आली की तिची पूजा करायची, एवढं त्यांचं साधं गणित. शिलाई मशीन आलं तेव्हा केली, रंगीत टीव्ही आला तेव्हा केली, पेट्रोल पंपावर नवं मशीन बसलं तेव्हा तर तिथं येऊन नळीला हळदकुंकू लावलं. आणि हे तर शस्त्र होतं. त्यांनी दुपारीच ताम्हण घासून ठेवलं.

बाकीच्यांची तोंडं बघण्यासारखी होती. धाकटे दीर, म्हणजे घरची डेअरी बघणारे भावजी, पेटीत डोकावून म्हणाले, "वैनी, पंपावर उंदरं लई झाल्यात. पयलं तितं चालवा." मी हसले नाही. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, पेटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. मामंजी फौजेतून सुभेदार होऊन आलेले. बोलणं थोडं आणि तेही एकदाच. त्यांनी एखादी गोष्ट सांगितली की ती झाल्यातच जमा असायची, फक्त करायची तेवढी राहायची.

रिव्हॉल्वर का घेतलं ते सांगायला हवं, नाहीतर लोकांना वाटतं बाईला हौस होती. हौस कसली. माझे मिस्टर हार्ट अटॅकनं गेले तेव्हा माझी तिशी नुकती उलटली होती आणि लेक बालवाडीत जात होती. गडहिंग्लजच्या वाटेवर आमचा पंप. मिस्टरांच्या मागं एजन्सी माझ्या नावावर झाली, पण पंपाखालची जमीन मामंजींची. म्हणजे पाटी माझ्या नावाची आणि पाय त्यांच्या जमिनीवर. तरी मी बसले पंपावर. ट्रकवाल्यांशी बोलायला शिकले, टँकरमध्ये काठी घालून डिझेल मोजायला शिकले, आणि पहिल्या वर्षी जे लोक "मालक कुठं हाईत" म्हणून विचारायचे ते दुसऱ्या वर्षी मलाच मालक म्हणायला लागले. तो शब्द मला फार आवडायचा. आजही आवडतो.

पंपावरचा भरणा घेऊन रोज जीपनं शाहूपुरीतल्या बँकेत जायचं, हे काम माझंच. नव्वद सालानंतरची ती वर्षं, सगळा व्यवहार रोखीचा. एके सकाळी एका गतिरोधकावर जीप हळू केली आणि मोटरसायकलवरचे दोघं येऊन दाराला लटकले. एकानं सुरा काढून माझ्या दंडावर टेकवला. मी काय विचार केला ते आठवत नाही, बहुतेक केलाच नाही. पाय दाबला तो सोडलाच नाही. एक जण पडला, दुसऱ्यानं उडी मारली, माझ्या दंडातून रक्त कोपरापर्यंत आलं आणि मी तशीच बँकेत जाऊन रांगेत उभी राहिले. तिथल्या शिपायानं ब्लाऊजकडं बघितलं आणि त्यालाच घेरी आली.

घरी आल्यावर मात्र माझे हात जे थरथरायला लागले ते थांबेनात. कप धरवत नव्हता. मामंजींनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "झालं तेवढं बास. आता पंपाचं धाकटा बगंल."

पंप गेला असता तर मला कुणी घराबाहेर काढलं नसतं, एवढं मी मान्य करते. ताटात वाढलं असतं, लेकीला शिकवलं असतं. पण मी मग चुलीजवळची विधवा झाले असते. कुणी पावणं आलं की आत जाणारी. ते मला मरणासारखं वाटत होतं, आणि हे मी मामंजींना सांगू शकत नव्हते, कारण आत्याबाई सगळा जन्म चुलीजवळच बसलेल्या होत्या. मी एवढंच म्हणाले, "मी लायसनला अर्ज करते. रिव्हॉल्वर घेते."

भावजी मोठ्यानं हसले. मामंजी हसले नाहीत. भात कालवता कालवता म्हणाले, "कर. सरकारनं दिलं तर मी कोण आडवणार. पर येक सांगतो. नेमबाजीच्या रेंजवर माझ्याम्होरं चालवून दावायचं. हात लटपटला, तर त्याच दिवशी ते परत करायचं आणि पंप धाकट्याकडं."

मी "बरं" म्हणाले. दुसरं काही म्हणायची त्या घरात पद्धतच नव्हती.

लायसनसाठी किती हेलपाटे घातले ते सांगत बसत नाही. एक साहेब तर फाईल बघून म्हणाले, बाईंच्या नावानं कशाला, दिरांच्या नावानं करा की. मी म्हटलं, सुरा दिरांच्या दंडाला लागला नव्हता. शेवटी कागद हातात पडला आणि सरकारी कारखान्यातलं बत्तीस बोअरचं ते रिव्हॉल्वर आलं. काळं, जड, तेलाच्या वासाचं. त्याची रचना समजून घ्यायला हवी. मागची एक कळ अंगठ्यानं दाबली की ते मधून मोडायचं, म्हणजे नळी खाली झुकायची आणि काडतुसं भरायच्या सहा घरांचं गोल चक्र उघडं पडायचं. त्या चक्राच्या मधोमध चांदणीसारखी एक चकती. रिव्हॉल्वर उघडताना ती चकती वर यायची आणि रिकामी काडतुसं ढकलून बाहेर काढायची. पूर्ण उघडलं की टपकन परत खाली बसायची.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला देवघरासमोर पाट मांडला. आमच्या घरात मामंजींची जुनी बाराबोअरची बंदूक होती आणि दर खंडेनवमीला तिची पूजा व्हायची. तिथं मामंजींचा एक नियम होता. बंदूक मोडून, उघडी करूनच पाटावर ठेवायची. शस्त्र रिकामं आहे हे घरातल्या प्रत्येकाला दिसलं पाहिजे, त्याशिवाय कुणी त्याला हात जोडायचे नाहीत. फौजेतली शिस्त, आणि चांगली शिस्त. नव्या रिव्हॉल्वरलाही त्यांनी तोच नियम लावला. स्वतः कळ दाबून ते उघडलं. पण पूर्ण उघडलं तर ते पाटावर नीट बसेना, सारखं कलंडायचं. तेव्हा त्यांनी ते अर्धवट उघडून मुठीवर टेकवून उभं केलं. चांदणी वर आलेली, तशीच राहिली. आत्याबाईंनी त्याला पाणी शिंपडलं, हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता अशा मनापासून वाहिल्या की काही माझ्या केसात येऊन पडल्या.

"माझ्या सुनंला संबाळ गं बाई," असं त्या त्या लोखंडाला म्हणाल्या. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. नंतर मामंजींनीच फडक्यानं ते पुसलं, बंद केलं आणि पेटीत ठेवलं.

त्यानंतरचे काही दिवस मी रात्री लेक झोपली की कपाट उघडायचे आणि रिकाम्या रिव्हॉल्वरवर सराव करायचे. चाप ओढायचा, चक्र फिरायचं, घोडा, म्हणजे मागची हातोडी, मागं जाऊन पडायचा, टक. पुन्हा टक. कुठं अडकत नव्हतं. आरशात मात्र मी बघायचे नाही. नऊवारी नेसणाऱ्या आज्यांच्या घरात वाढलेली बाई हातात रिव्हॉल्वर घेऊन कशी दिसते हे मला बघायचंच नव्हतं.

रेंज शहराबाहेर एका टेकडीच्या पोटाशी. वर पत्र्याची शेड, समोर मातीचा उंच बांध, बांधापुढं लाकडी चौकटींवर कागदाची लक्ष्यं. शेडमध्ये जमिनीवर फक्कीची पांढरी रेघ मारलेली. ज्याची पाळी आहे तो आणि इन्स्ट्रक्टर, एवढ्यांनीच रेघेच्या पुढं जायचं, बाकीच्यांनी मागं खुर्च्यांवर बसायचं. इन्स्ट्रक्टर पोलिसातून निवृत्त झालेले मोठे अधिकारी. आवाज असा की पत्रा वाजावा. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, "इथं एकच देव. रिव्हॉल्वरचं तोंड. ते कायम बांधाकडं. भूकंप झाला तरी बांधाकडं. गोळी उडाली नाही, काही अडकलं, तर मागं वळून मला दाखवायचं नाही. जागच्या जागी उभं राहायचं. मी येतो."

मी मान हलवली. मागं मामंजी खुर्चीवर ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर. फेटा, पांढरा शर्ट, इस्त्रीची विजार, जणू परेड बघायला आलेत. भावजी शेंगा खात उभे होते. येताना जीपमध्ये त्यांनी पंपाशेजारी हॉटेल काढायचं म्हणत कुठं काय बांधायचं ते सगळं सांगून टाकलं होतं, जणू पंप त्यांच्या नावावर झालेलाच आहे. मामंजींनी त्यावर हो किंवा नाही काहीच म्हटलं नव्हतं. हो म्हटलं नाही याचा मला धीर वाटत होता आणि नाही म्हटलं नाही याचा धसका.

कानात कापूस घातला. रिव्हॉल्वर मोडून सहा काडतुसं भरली. बंद करताना ते घट्ट लागलं. घरी रिकामं असताना अलगद मिटायचं, इथं तळहातानं दाबावं लागलं. मला वाटलं विचारावं. पण मागं शेंगा फोडल्याचा आवाज येत होता आणि पहिल्याच गोष्टीला "हे असं का" म्हणून विचारायची माझी तयारी नव्हती. नवं आहे, असेल घट्ट, असं मनाशी म्हटलं.

"उचला," इन्स्ट्रक्टर म्हणाले. "श्वास घ्या. अर्धा सोडा. चाप ओढा."

मी ओढला. आवाजापेक्षा हाताला बसलेला धक्का मोठा होता, कुणीतरी मनगटाला धरून हिसका दिल्यासारखा. बांधावर धूळ उडाली. कागदाला लागलं की नाही कळलं नाही, पण हात लटपटला नव्हता. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. इन्स्ट्रक्टर म्हणाले, "डावीकडं गेली. हरकत नाही. पुन्हा."

दुसऱ्या वेळी चाप जड लागला. बोट दुखेपर्यंत ओढावा लागला, पण गोळी सुटली आणि कागदाच्या कडेला भोक पडलेलं मला दिसलं. मागचा शेंगांचा आवाज थांबला होता. इन्स्ट्रक्टर दुर्बिणीतून लक्ष्य बघायला चार पावलं बाजूला, रेघेच्या टोकाला गेले.

तिसऱ्या वेळी चाप निम्म्यापर्यंत आला आणि अडकला. पुढं जाईना. मी सोडून बघितला, तर मागंही येईना. चक्र दोन घरांच्या मध्येच थांबलेलं, आणि घोडा अर्धवट उचललेला, तसाच. आत अजून चार जिवंत काडतुसं. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला. हा घोडा केव्हाही पडेल, की पडणारच नाही, मला काही कळत नव्हतं. मी बोट बाहेर काढलं, दोन्ही हात ताठ केले आणि बांधाकडं बघत उभी राहिले.

"अडकलंय," मी म्हणाले. माझा आवाज कापसामुळं मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

आणि तेवढ्यात भावजी रेघ ओलांडून आले. "द्या हिकडं वैनी. तुमाला न्हाय जमायचं," म्हणत त्यांनी डाव्या बाजूनं माझं मनगट धरलं आणि स्वतःकडं ओढलं. स्वतःकडं म्हणजे मागं. मागं म्हणजे जिथं मामंजी बसले होते तिथं. रिव्हॉल्वरचं तोंड बांधावरून सुटून शेडच्या खांबाकडं आलं आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली, गोळीची नाही, या माणसाच्या अडाणीपणाची. हात सोडला असता तर रिव्हॉल्वर त्यांच्या हातात गेलं असतं आणि तोंड सरळ म्हाताऱ्याच्या छातीवर. मी सोडला नाही. पाय रोवले, कोपर त्यांच्या बरगडीत घातलं, आणि तोंड परत बांधाकडं वळवलं.

"भावजी, हात काढा," मी म्हणाले. "मागं सरा. रेघंच्या मागं."

त्या घरात लग्न होऊन आल्यापासून मी दिरांशी वर मान करून बोलले नव्हते. ते इतके चकित झाले की त्यांनी खरंच हात काढला. तोवर इन्स्ट्रक्टर धावत आले होते. त्यांनी भावजींना कॉलरला धरून मागं ढकललं आणि अशी एक शिवी दिली की ती इथं लिहिता येत नाही. मग माझ्या शेजारी उभं राहून, एकदम हळू आवाजात म्हणाले, "छान. अशाच राहा. आता माझा हात तुमच्या हातावर येईल." त्यांनी आपला अंगठा घोड्याच्या आणि त्यापुढच्या लोखंडाच्या मध्ये घातला, दुसऱ्या हातानं रिव्हॉल्वर माझ्याकडून घेतलं, बांधाकडं तोंड ठेवूनच कळ दाबली आणि ते जोर लावून उघडलं. काडतुसं बाहेर काढून मेजावर ठेवली. तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. मी मेजाला धरून उभी राहिले.

इन्स्ट्रक्टरांनी चक्र उन्हात धरून बघितलं. चांदणी दाबून बघितली. ती पुरती खाली बसत नव्हती. खिशातून काडेपेटी काढून एका काडीनं त्यांनी चांदणीखाली टोकरलं, आणि त्यांच्या तळहातावर तांदळाचा एक दाणा पडला. कुंकवानं लाल झालेला, एका बाजूनं चेपलेला.

"हे काय आहे?" ते म्हणाले.

त्यांनी तो दाणा सगळ्यांना दिसेल असा पुढं धरला.

"रिकामं असताना हे कळणार नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "भरलं की काडतुसांचे पेंदे केसभर वर उचलले जातात आणि मागं घासतात. दोन गोळ्या निघाल्या हेच नशीब. पूजा करा, माझी ना नाही. मीही करतो. पण चांदणी वर असताना हे अर्धवट उघडून अक्षता टाकायला कुणी सांगितलं? कुणी ठेवलं होतं असं?"

भावजी बरगडी चोळत म्हणाले, "बायकांचा कारभार वो सायेब. आमच्या आईचा आन् वैनीचा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मामंजींकडं बघितलं. ते खुर्चीवर तसेच ताठ, हात गुडघ्यांवर, नजर समोर बांधावर. त्यांना माहीत होतं. ते बोलत नव्हते. आणि मला एकदम दुसरीच एक दुपार दिसायला लागली.

त्या दुपारी माझे मिस्टर जेवणावरून उठले ते छातीला हात लावून. शर्ट घामानं भिजलेला. मामंजी म्हणाले, "पित्त हाय. सोडा पी आन् जरा पड." मी चप्पल घातली होती, जीपची किल्ली माझ्या हातात होती, दवाखाना दोन गल्ल्या पलीकडं. मी मिस्टरांकडं बघितलं. ते मामंजींकडं बघत होते. एवढा मोठा माणूस, पंपाचा मालक, एका लेकीचा बाप, आणि वडिलांनी पड म्हटलं म्हणून सोडा पिऊन पडला. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. भावजी बोलले नाहीत. मीही किल्ली हातात घेऊन दारात उभी राहिले. जेव्हा नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायचं. त्या वाक्याबद्दल आमच्या घरात पुन्हा एक अक्षर निघालं नाही. मामंजींनी तेरा दिवस नीट केले, आणि सगळं जिथल्या तिथं बसलं.

"कुणी ठेवलं होतं?" इन्स्ट्रक्टरांनी पुन्हा विचारलं.

"मामंजींनी," मी म्हणाले. "अर्धवट उघडून पाटावर मामंजींनी ठेवलं. आत्याबाईंना त्यातलं काय कळत न्हाई. चूक मामंजींची हाय."

भावजींचं तोंड उघडं ते उघडंच. चूक आणि मामंजी हे दोन शब्द आमच्या घरात कुणी एका वाक्यात घातले नव्हते. आता मामंजी उठतील आणि म्हणतील, चल घरी, संपलं. पंप गेला, मी मनात म्हटलं. जाऊ दे. पण हे मी परत गिळणार नाही.

मामंजी उठले. सावकाश रेघेपर्यंत आले आणि रेघेपाशी थांबले, पुढं पाऊल टाकलं नाही. इन्स्ट्रक्टरांच्या तळहातावरच्या दाण्याकडं बघितलं. म्हणाले, "बरोबर बोलती. मीच ठेवलतं. बाराबोअरचा हिसाब याला लावला, चुकलं." मग मान न वळवता म्हणाले, "धाकट्या, जीपमदी जाऊन बस."

"आबा, पर मी तर…"

"बस म्हटलं न्हवं."

भावजी गेले. मामंजींनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. "भर परत," एवढंच म्हणाले.

मला भरायचं नव्हतं. आता ते सगळ्यात अवघड होतं. पहिल्यांदा माहीत नसतं म्हणून हात धीट असतो, आता माहीत होतं. काडतूस घरात घालताना दोनदा बोटातून निसटलं आणि मेजावर गडगडलं. माझे हात थरथरत होते, सगळ्यांना दिसत होतं, मामंजींनाही. रिव्हॉल्वर बंद केलं, या वेळी ते अलगद मिटलं. उचललं. लक्ष्य धुरकट दिसायला लागलं तेव्हा कळलं की मी रडते आहे. पुसायला हात मोकळा नव्हता. श्वास घेतला, अर्धा सोडला आणि ओढलं. मग पुन्हा. पुन्हा. चक्र रिकामं होईपर्यंत थांबले नाही. कागद आणला तेव्हा त्यावर भोकं होती, मधल्या गोलात एकही नव्हतं, पण कागदावर होती. इन्स्ट्रक्टर म्हणाले, "हात थरथरतो तुमचा. पण दिशा सोडत नाही. बाकीचं येईल."

परतताना जीप मीच चालवली. मामंजी शेजारी, भावजी मागं. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेमागं आम्ही रखडत होतो. मामंजी पुढं बघतच म्हणाले, "धाकट्यानं डेअरीचं बगावं. पंपात त्यानं पाय घालायचा न्हाई." मला आनंद व्हायला हवा होता. पण आनंद आत कुठंतरी खाली होता, वर येत नव्हता.

शाहूपुरीत भावजींनी काम आहे म्हणून जीप थांबवायला सांगितली आणि उतरून गेले. आम्ही दोघंच राहिलो. मी गिअर टाकणार तेवढ्यात मामंजी म्हणाले, "थांब जरा."

मी थांबले. बाहेर हमाल हातगाडीवरून गुळाच्या ढेपा नेत होते, वाट द्या, वाट द्या म्हणत. मामंजी त्यांच्याकडं बघत होते. फेटा काढून त्यांनी मांडीवर घेतला होता आणि त्यांचं डोकं मला पहिल्यांदाच इतकं लहान दिसलं.

"आज बोललीस तसं," ते म्हणाले, "त्या दिवशी बोलायचं हुतंस."

कोणता दिवस ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. मला राग आला, असा की स्टिअरिंग धरलेली बोटं पांढरी पडली. आपल्या पोराचं मरण हा माणूस माझ्या पदरात टाकतोय, असं वाटलं. आणि त्याच वेळी हेही कळलं, की इतकी वर्षं ही एकच गोष्ट हाही माणूस रोज उशाला घेऊन झोपतोय.

"व्हय," मी म्हणाले. "बोलायला पायजे हुतं. आणि मी बोलले असते, तर तुमी ऐकलं असतं?"

मामंजी फेट्याचा शेमला बोटांनी चुरत राहिले. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. मी वळून त्यांच्याकडं बघत राहिले, कारण या वेळी मला उत्तर पाहिजे होतं.

"न्हाय," ते म्हणाले. "ऐकलं नसतं."